तारा सेकंदाला हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे नेमकं काय होतं?

दोन अंकांपूर्वी न्यूट्रॉन ताऱ्यांवर, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या शेवटी उरणाऱ्या अतिघन गोळ्यांवर, लिहिताना मी एक वाक्य ओझरतं टाकलं होतं. काही न्यूट्रॉन ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण सेकंदाला हजारेक वेळा कमीजास्त होतात आणि त्यावरून तिथल्या जबरदस्त गुरुत्वाकर्षणाचा अंदाज बांधता येतो, असं ते वाक्य. बाकी लेख बाजूला राहिला आणि पत्रं आली ती या एका वाक्यावर. मग म्हटलं, हा अख्खा अंक त्यालाच देऊ. भाषा थोडी वर्गातली वाटली तर चालवून घ्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला आहे.

प्रश्न : मॅडम, इतक्या दूरचा तारा सेकंदाला हजार वेळा लुकलुकतो हे मोजलं कसं? एवढा वेगवान कॅमेरा असतो का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

कॅमेरा विसर. इथे फोटो काढायचाच नाही, नुसतं मोजायचं आहे. क्ष-किरणांचा एक फोटॉन, म्हणजे एक कण, आला की त्याची वेळ लिहून ठेवायची, दुसरा आला की त्याची. टी.वाय. बी.एस्सी.ला जीएम काउंटरचा प्रयोग असतो, त्यात हेच करतात. आमच्या प्रयोगशाळेतला काउंटर इतका जुना होता की आकडा पुढे सरकला नाही तर मुलं त्याला चापट मारायची. पण तत्त्व तेच : वायूने भरलेली पेटी, आत उच्च दाबाची विद्युत तार, आणि किरण आला की एक ठोका.

३० डिसेंबर १९९५ ला नासाने 'रॉसी एक्स-रे टायमिंग एक्सप्लोरर' हा उपग्रह सोडला. त्यावर अशा पाच मोठ्या पेट्या होत्या. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे ६५०० चौरस सेंटिमीटर, आणि फोटॉन कधी आला हे टिपायची क्षमता सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. लगेच १९९६च्या फेब्रुवारीत दोन ताऱ्यांमध्ये ही जलद थरथर सापडली. एकात, म्हणजे वृश्चिक राशीतल्या 'स्कॉर्पियस एक्स-१' मध्ये, ती शोधली ॲमस्टरडॅमच्या मिखिल व्हॅन डर क्लिस यांच्या गटाने. दुसऱ्यात, '४यू १७२८-३४' मध्ये, ती शोधली नासाच्या टॉड स्ट्रोमायर आणि सहकाऱ्यांनी.

आता तुझ्यासारख्याने वहीवर करून बघावा असा हिशोब. या दुसऱ्या ताऱ्याकडून त्या पेट्यांमध्ये सेकंदाला साधारण हजार-दोन हजार फोटॉन येत होते. लुकलुकही सेकंदाला हजारच्या आसपास. मग एका लुकलुकीच्या वाट्याला फोटॉन किती? एक, फार तर दोन! म्हणजे आलेख काढून डोळे ताणले तरी त्यात लाटबिट काही दिसणार नाही, नुसता कचरा दिसेल. म्हणून फूरिए विश्लेषण करायचं. काही सेकंदांचा तुकडा घ्यायचा, त्यात कोणती वारंवारता किती जोरात आहे ते काढायचं, आणि अशा शेकडो तुकड्यांची सरासरी घ्यायची. यादृच्छिक चढउतार सरासरीत सपाट होत जातात. लुकलुक खरी असेल तर तिच्या वारंवारतेशी एक टेकाड उरतं.

यात एक गंमत आहे. निरीक्षणाचा वेळ दुप्पट केला तर टेकाडाची खात्री फक्त वर्गमूळ दोनच्या पटीत, म्हणजे सुमारे १.४ पट वाढते. पण फोटॉनांचा दर दुप्पट केला तर खात्री थेट दुप्पट होते. म्हणून या कामात धीरापेक्षा पेटीचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. युरोपच्या 'एक्झोसॅट'ला १९८५ मध्ये 'जीएक्स ५-१' या स्रोतात सेकंदाला २० ते ४० वेळांची थरथर सापडली होती. हजारच्या घरात जायला मात्र पुढची दहा वर्षं आणि मोठ्या पेट्या लागल्या.

प्रश्न : न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती गरगर फिरतो हे शाळेपासून वाचत आलो. मग लुकलुकणारच की! यात नवल ते काय? (निवृत्त तलाठी, लातूर)

तुमची शंका रास्त आहे, पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात हेच येतं. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आकड्यांच्या वागण्यावरून त्या ओळखता येतात.

ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्याचा ठोका अत्यंत पक्का असतो. 'सॅक्स जे१८०८' नावाचा न्यूट्रॉन तारा सेकंदाला ४०१ फेऱ्या मारतो. हे १९९८ मध्ये रुडी वाइनँड्स आणि व्हॅन डर क्लिस यांनी दाखवलं. आज बघा, महिन्याने बघा, ४०१ म्हणजे ४०१. आपण ज्या थरथरीबद्दल बोलतोय ती तशी नाही. तासाभरापूर्वी ८०० असेल तर आता ८५० असेल. लेझीम रंगात आली की हलगीवाला नकळत लय वाढवत नेतो तसं : ताल आहे, पण घड्याळ लावून नाही. शास्त्रज्ञ म्हणूनच तिला अर्धनियमित दोलन म्हणतात.

शिवाय बहुतेकदा अशी टेकाडं एकाच वेळी दोन दिसतात, जोडीने. एक ८०० ला, तर दुसरं ११०० च्या आसपास. दोन्ही मिळून वर सरकतात, मिळून खाली येतात. ताऱ्याचं फिरणं असं तासातासाला बदलू शकत नाही. सूर्यापेक्षा जड गोळ्याचा वेग वाढवायचा तर त्याला तेवढा जोर कुठून आणणार? म्हणजे हे घडतंय ते ताऱ्याच्या अंगात नसून त्याच्या भोवती.

भोवती काय आहे? शेजारी एक साधा, हलका तारा. त्याचा वायू न्यूट्रॉन तारा ओढून घेतो. तो सरळ न पडता भोवऱ्यासारखा फिरत फिरत तबकडी करून आत सरकतो आणि घर्षणाने कोटी-कोटी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण सोडतो. आतली कड जितकी जवळ, तितके फेरे जलद. तबकडीची कड आतबाहेर सरकली की वारंवारताही सरकते. इतपत सगळ्यांना मान्य आहे. पुढचे वाद खाली येतीलच.

प्रश्न : अकरावीच्या मुलांना मी न्यूटनच्या सूत्राने गणित घातलं. सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाभोवती सेकंदाला १००० फेऱ्या घालायच्या तर कक्षेची त्रिज्या किती? उत्तर आलं १६.८ किलोमीटर. पण इतक्या जवळ न्यूटन चालतो का? मुलांना चुकीचं तर शिकवलं नाही ना? (कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षिका, चिपळूण)

ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. अकरावीला असं गणित घालणाऱ्या शिक्षिका आहेत तोवर आम्हा निवृत्तांना काळजी नाही. उत्तर अगदी बरोबर आहे. मुलांकडून पुढची पायरीही करून घ्या : १६.८ किलोमीटर त्रिज्येचा परीघ सुमारे १०५ किलोमीटर, तो सेकंदाला हजार वेळा. म्हणजे वेग सेकंदाला एक लाख पाच हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाच्या ३५ टक्के. हे वाचून एखादं पोर तरी 'आँ?' करेल.

आता न्यूटनचं. न फिरणाऱ्या गोलाभोवतीच्या वर्तुळाकार कक्षेसाठी आइनस्टाईनच्या सिद्धांतातूनही सूत्र तेच निघतं, हुबेहूब. अट एवढीच, की त्रिज्या म्हणजे परीघ भागिले २π असं धरायचं आणि वेळ दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळाने मोजायची. त्यामुळे तुमचं गणित तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त बरोबर आहे.

फरक पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. न्यूटनच्या जगात कितीही जवळ जा, पुरेशा वेगाने फिरलात की कक्षा स्थिर राहते. आइनस्टाईनच्या जगात तसं नाही. तिथे अगदी जवळ गेल्यावर ओढ व्यस्तवर्गाच्या नियमापेक्षा जास्त वेगाने वाढते, आणि एका त्रिज्येच्या आत कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, ती ओढ सावरू शकत नाही. त्या रेषेच्या आत वर्तुळात फिरणाऱ्या कणाला जरा धक्का लागला की तो कोसळलाच. या रेषेला सर्वांत आतली स्थिर कक्षा म्हणतात. तिची त्रिज्या 6GM/c² ऐवजी मी शब्दांतच सांगते : वस्तुमान गुणिले गुरुत्व स्थिरांक, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग, आणि त्याची सहापट. १.४ सूर्यांसाठी ती येते १२.४ किलोमीटर, आणि तिथली वारंवारता सुमारे १५७० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके फेरे. गंमत अशी की वस्तुमान वाढलं तर वारंवारतेची ही मर्यादा खाली येते. २२०० ला वस्तुमानाने, सूर्याच्या पटीत, भागा की झालं. दोन सूर्यांना ११०० हर्ट्झ.

आता मुलांना खरा तारा द्या. '४यू ०६१४+०९' मध्ये खात्रीने नोंदलेली सर्वांत जलद थरथर सुमारे १२८८ हर्ट्झची आहे. समजा ती कक्षेत फिरणाऱ्या वायूचीच आहे. मग कक्षा स्थिर असायला हवी, म्हणजे वस्तुमान १.७ सूर्यांहून जास्त नाही. तारा कक्षेच्या आत मावायला हवा, म्हणजे त्याची त्रिज्या १५ किलोमीटरहून जास्त नाही. हा तारा स्वतः सेकंदाला सुमारे ४१५ वेळा फिरतो, त्या फिरण्याने मर्यादा थोडी सैल होऊन वस्तुमान दोन सूर्यांच्या आसपास जाऊ शकतं. तरीही बघा, हजारो प्रकाशवर्षांवरच्या, कुठल्याही दुर्बिणीला ठिपक्यापलीकडे न दिसणाऱ्या वस्तूचं कमाल आकारमान फक्त एका वारंवारतेवरून! या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारा युक्तिवाद हाच. यात थरथर नेमकी कशाने होते हे कळायची गरज नाही, ती कक्षेच्या फेऱ्यांची आहे एवढं एकच गृहीतक पुरतं. अणुगर्भापेक्षाही घन झालेलं द्रव्य किती दाबलं जाऊ शकतं याचे जे वेगवेगळे अंदाज आहेत, त्यातले फार फुगीर तारे देणारे अंदाज या मर्यादेत अडकतात. पुढे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या 'नायसर' या उपकरणाने वेगळ्याच पद्धतीने दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या मोजली. ती १३ किलोमीटरच्या आसपास निघाली.

प्रश्न : मी त्या ताऱ्यावर उभी राहिले तर मला काय होईल? (इयत्ता नववी, गडहिंग्लज)

तू उभी राहू शकणार नाहीस, बाळ. पृथ्वीपेक्षा तिथलं गुरुत्वाकर्षण शंभर अब्ज पटींहून जास्त आहे. तुझा अणुअणू जमिनीवर पसरेल. पण तुझं घड्याळ कसंतरी वाचलं असं समजू. इथे एक तास होईल तेव्हा त्या घड्याळात जेमतेम ४९ मिनिटं झालेली असतील. हे गणित बारावीनंतर स्वतः करून बघ.

प्रश्न : वर्तमानपत्रात दर वर्षा-दोन वर्षांनी बातमी येते, 'आइनस्टाईन पुन्हा खरा ठरला'. या थरथरींनीही तो खरा ठरला का? स्पष्ट सांगा. (वाचक, पुणे)

स्पष्ट सांगायचं तर नाही. खोटाही ठरला नाही. मोजलेला आकडा आणि त्याचा लावलेला अर्थ यांत फरक असतो, आणि बातमी देणाऱ्यांना तो नको असतो. इथे आकडे पक्के आहेत, अर्थावर अजून भांडण आहे.

सुरुवातीला सगळ्यांना आवडलेली कल्पना सोपी होती. वरचं टेकाड म्हणजे तबकडीच्या आतल्या कडेचे फेरे. खालचं म्हणजे त्यातून ताऱ्याचं स्वतःचं फिरणं वजा केल्यावर उरलेली वारंवारता. तसं असेल तर दोन टेकाडांमधलं अंतर कायम ताऱ्याच्या फिरण्याएवढं राहायला हवं. '४यू १७२८-३४' मध्ये ताऱ्यावर साठलेल्या वायूचे अधूनमधून स्फोट होतात, त्या वेळी ताऱ्याच्या फिरण्याचा ३६३ हर्ट्झचा ठोका दिसला आणि टेकाडांमधलं अंतरही त्याच्या जवळपास होतं. लोक खूश झाले. पण स्कॉर्पियस एक्स-१ ने गडबड केली. वारंवारता वाढली तसं तिथलं अंतर सुमारे ३०० वरून २४० च्या आसपास घसरलं. मग २००२ मध्ये सॅक्स जे१८०८ पुन्हा उजळला, त्यात दोन्ही टेकाडं दिसली, आणि अंतर निघालं १९५ हर्ट्झ. ४०१ च्या निम्मं! जिथे फिरण्याचा वेग निःसंशय ठाऊक आहे नेमकं तिथेच सोपं सूत्र मोडलं. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोलाचं मोजमाप हेच, कारण त्याने सगळ्यांना पुन्हा विचार करायला लावलं.

दुसरी कल्पना इटलीच्या लुइजी स्टेला आणि मारिओ व्हिएट्री यांची. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा हळूहळू वळते हे तुम्ही वाचलं असेल. इतर ग्रहांची ओढ वजा केल्यावर शंभर वर्षांत फक्त ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) उरतात, आणि तेवढ्या समजावून देणं हा आइनस्टाईनच्या व्यापक सापेक्षतेचा पहिला विजय होता. स्टेला-व्हिएट्री म्हणतात, न्यूट्रॉन ताऱ्याजवळ तेच वळण सेकंदाला शेकडो पूर्ण फेऱ्यांचं होतं आणि खालचं टेकाड म्हणजे तेच. कल्पना देखणी आहे. सगळे आकडे मात्र तिच्यात नीट बसत नाहीत. तिसरा गट व्लोजिमेश क्लुझ्नियाक आणि मारेक अब्रामोविच यांचा. ते तीनास दोन अशा प्रमाणातल्या अनुनादाकडे, म्हणजे दोन दोलनं एकमेकांना जोर देतात त्याकडे, बोट दाखवतात; पण न्यूट्रॉन ताऱ्यांमध्ये हे प्रमाण एका जागी टिकत नाही.

आणि ती सर्वांत आतली कक्षा प्रत्यक्ष दिसली का? २००५-०६ मध्ये दिदिये बारे आणि सहकाऱ्यांनी '४यू १६३६-५३६' चा बराच साठा तपासला. खालचं टेकाड वारंवारतेबरोबर अधिकाधिक टोकदार होत जातं आणि एका मर्यादेनंतर एकदम पसरट होतं, असं त्यांना दिसलं. तबकडीची कड कोसळण्याच्या रेषेपाशी पोचली की असंच व्हायला हवं, हे त्यांचं म्हणणं. त्यावर मारियानो मेंडेझ यांनी बरेच स्रोत शेजारी ठेवून दाखवलं की टोकदारपणा ताऱ्याच्या तेजस्वितेबरोबरही तसाच चढतो-उतरतो. मग कारण गुरुत्वाकर्षण, की नुसतं तबकडीत किती माल पडतोय ते? मला बारे यांचं म्हणणं खरं ठरावं असं वाटतं. पण वाटणं हा पुरावा नव्हे, आणि मेंडेझ यांच्या आक्षेपाला मला अजून पुरेसं उत्तर दिसलेलं नाही.

प्रश्न : यात आपल्या देशाने काही केलं की नुसतं अमेरिकेचं वाचायचं? (बँक कर्मचारी, डोंबिवली)

केलं, आणि तुमच्या लोकलच्या टप्प्यात केलं. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने 'ॲस्ट्रोसॅट' वर नेला. त्यावरचं 'लॅक्सपीसी' हे उपकरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलं. झेनॉन आणि थोडा मिथेन भरलेल्या तीन पेट्या, फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत टिपणाऱ्या. रॉसीचं काम २०१२ च्या जानेवारीतच संपलं होतं, त्यामुळे ही जलद थरथर टिपणारं मोठं उपकरण मधल्या काळात नव्हतंच. लॅक्सपीसीचं बलस्थान म्हणजे जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी तिच्या पेट्या रॉसीच्या पेट्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत.

२०१६ मध्ये त्यांनी आपल्या ओळखीच्या ४यू १७२८-३४ कडे बघितलं. जय वर्धन चौहान, जे. एस. यादव आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निकाल छापला : थरथर ८१५ हर्ट्झवरून ८५० कडे सरकताना दिसली, आणि स्फोटात तो ३६३ चा ठोकाही पुन्हा सापडला. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका पेटीतून वायू गळत होता, ती २०१८ मध्ये बंद करावी लागली. दुसरीनेही पुढे त्रास दिला. अवकाशात जाऊन नळाचा वायसर बदलता येत नाही. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणं हाताळायला मदत करणारा कक्ष पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत होता, आणि जुनी निरीक्षणं सर्वांना खुली आहेत. नाशिकच्या त्या विद्यार्थ्याने हे वाचलं तर बरं. संगणक आणि चिकाटी असेल तर टेकाड स्वतः काढता येईल.

प्रश्न : स्कॉर्पियस एक्स-१ आम्हाला बघता येईल का? आमच्या मंडळाकडे आठ इंची दुर्बीण आहे. (आकाशनिरीक्षण मंडळ, भोर)

क्ष-किरण वातावरणातच अडतात, त्यामुळे ते नाही. १९६२ च्या जूनमध्ये रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांना हा स्रोत सापडला तोही न्यू मेक्सिकोतून सोडलेल्या रॉकेटमुळे. पण दृश्य प्रकाशात तो आहे, साडेबाराव्या प्रतीच्या आसपास (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका), कमीजास्त होणारा. तुमच्या आठ इंचीला अंधाऱ्या जागेवरून तो जमायला हवा. मे-जूनच्या रात्री अनुराधा नक्षत्रातला सर्वांत उत्तरेचा ठळक तारा धरा आणि तिथून पाच-साडेपाच अंश ईशान्येला सरका. नकाशात तो 'व्ही८१८ स्कॉर्पिआय' या नावाने सापडेल. नकाशाशिवाय शोधू नका, आजूबाजूला तसेच फिके तारे पुष्कळ आहेत. दोन ताऱ्यांची ही जोडी १८.९ तासांत एकमेकांभोवती फिरते. सलग काही रात्री शेजारच्या ताऱ्यांशी ताडून प्रत लिहून ठेवलीत तर तिचा चढउतार तुमच्या वहीत उतरेल. नोंदी पाठवा, नीट असतील तर या सदरात छापू.

कृष्णविवरांमध्येही अशी दोलनं दिसतात का, हे सांगलीहून दोघांनी विचारलं आहे. दिसतात, एका कृष्णविवरात ३०० आणि ४५० हर्ट्झची. ते पुढच्या अंकात.